‘व्हाया’ आणि ‘मार्गे’

अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी शोधायची तर पाट्या वाचाव्या लागतात. एसटीच्या पाटीवर लिहिलेले असते, ‘अमरावती, मूर्तिजापूर मार्गे’. बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या खासगी गाडीचा पोरगा दाराला लटकून ओरडत असतो, ‘अमरावती, अमरावती, व्हाया मूर्तिजापूर!’ रस्ता तोच, गाव तेच. पण पाटीने गावाचे नाव आधी घेतले आणि ‘मार्गे’ मागून जोडले. पोरग्याने ‘व्हाया’ आधी म्हटले आणि गाव मागून आणले. पहिली मराठीची रीत आहे, दुसरी इंग्रजीची. इंग्रजीच्या तासाला आपली मुले ज्या एका गोष्टीपाशी हमखास अडखळतात, ती समजावून सांगायला मला या दोन पाट्यांइतके चांगले उदाहरण दुसरे सापडलेले नाही. ती गोष्ट म्हणजे प्रिपोझिशनल फ्रेज. इंग्रजी वाक्यात ती कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ती कोणाची असते, एवढेच आज पाहू.

व्याख्या सोपी आहे. इन, ऑन, अॅट, ऑफ, फॉर, विथ, फ्रॉम, टू, बाय, अंडर, बिटवीन असे जे लहान लहान शब्द असतात त्यांना प्रिपोझिशन म्हणतात. त्यांच्यामागून एखादे नाम किंवा सर्वनाम येते. मध्ये अ, अॅन, द यांपैकी काही किंवा एखादे विशेषण असू शकते. प्रिपोझिशनपासून त्या नामापर्यंतचा सगळा डबा म्हणजे प्रिपोझिशनल फ्रेज. ‘ऑन द ओल्ड टेबल’ ही एक फ्रेज झाली. ‘ऑन’ म्हणजे कशावर, असे विचारले की ‘टेबल’ हे उत्तर मिळते. उत्तराचे नाम आले की डबा बंद करायचा. मुलांना मी पेन्सिलीने कंस करायला सांगतो. कंस प्रिपोझिशनपाशी उघडतो आणि नामापाशी मिटतो.

शाळेत आपल्याला शिकवतात, प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. हे चूक नाही, पण अपुरे आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले, आणि इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर शब्दांच्या आठ जाती मराठीत रुळल्या. त्या आठांत प्रिपोझिशनच्या खुर्चीवर शब्दयोगी अव्यय बसले. पण इंग्रजीचा ‘ऑन’ मराठीत ‘वर’ होतो, ते शब्दयोगी. ‘ऑफ’चा मात्र ‘चा’ होतो, ती षष्ठी विभक्ती. ‘इन’चा कधी ‘त’ होतो, कधी ‘मध्ये’. म्हणजे इंग्रजीतले जे काम एकच जात करते ते मराठीत दोघांत वाटलेले आहे. आणि मुख्य फरक जागेचा. प्रिपोझिशन या नावाचाच अर्थ ‘आधी ठेवलेले’. आपले सगळे मागून येते: टेबलावर, अकोल्याहून, आईसाठी, पावसानंतर.

हे आधी-मागून प्रकरण एकाच फ्रेजमध्ये फारसे त्रास देत नाही. फ्रेजमागून फ्रेज अशी माळ लागली की मग गाडी रुळावरून घसरते. काही वर्षांपूर्वी शेजारचा एक तरुण शेतकरी इंग्रजी नोटीस घेऊन माझ्याकडे आला होता. कर्जाच्या थकबाकीचा मामला होता. चेहरा उतरलेला. नोटिशीवरची तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती, टपाल त्याच दिवशी हातात पडले होते, आणि ‘फिफ्टीन डेज’ एवढे त्याने स्वतः वाचले होते. ‘चाचा,’ तो म्हणाला, ‘हे पंधरा दिवस कधीपासून मोजाचे?’

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर त्याच वाक्यात पुढे होते: ‘विदिन फिफ्टीन डेज फ्रॉम द डेट ऑफ रिसीट ऑफ धिस नोटीस’. चार प्रिपोझिशन, चार कंस. विदिन फिफ्टीन डेज, फ्रॉम द डेट, ऑफ रिसीट, ऑफ धिस नोटीस. आता ही माळ मराठीत आणायची तर शेवटच्या मण्यापासून उलटे चालत यायचे. या नोटिशीच्या, प्राप्तीच्या, तारखेपासून, पंधरा दिवसांच्या आत. एकही मणी इकडचा तिकडे न होता माळ पूर्ण उलटली. आरशात पाहिल्यासारखी. मी त्याला पेन्सिलीने कंस करून दाखवले आणि शेवटून बोट ठेवत वाचायला लावले. ‘प्राप्तीच्या तारखेपासून’ म्हणजे कागद हाती आल्यापासून. पत्रावर छापलेल्या तारखेपासून नव्हे. त्याचे चार नाही, पूर्ण पंधरा दिवस शिल्लक होते. टपालाचे पाकीट शिक्क्यासकट जपून ठेव, असेही सांगितले.

कोणत्याही सरकारी किंवा बँकेच्या इंग्रजी कागदावर ही युक्ती करून पाहा. लांबलचक वाक्यात प्रिपोझिशनची आगगाडी दिसली की गार्डाच्या डब्यापासून इंजिनाकडे यायचे.

हे असे उलटे का, याचे एक कारण भाषाशास्त्रात सापडते. १९६३ मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने जगातल्या तीस भाषा शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. त्याला दिसले की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्या भाषांत हे जोडणारे शब्द बहुधा नामाच्या मागून येतात. ज्यांत क्रियापद कर्माच्या आधी येते, त्यांत ते बहुधा नामाच्या आधी येतात. आपण ‘मी आंबा खातो’ म्हणतो, क्रियापद शेवटी, म्हणून ‘टेबलावर’. इंग्रज ‘आय ईट अ मँगो’ म्हणतो, म्हणून ‘ऑन द टेबल’. हिंदी, उर्दू, कानडी, तमिळ, जपानी या सगळ्या आपल्या बाजूच्या.

फारसी मात्र या वर्गातली वेगळी विद्यार्थिनी. तिचे क्रियापद शेवटी, पण ‘दर’, ‘बर’, ‘अज’, ‘बे’ ही तिची अव्यये नामाच्या आधी! माझ्यासारख्या, घरी उर्दू आणि शाळेत मराठी शिकलेल्या माणसाला इथे जरा मौज वाटते. कारण फारसी आणि अरबीची ही आधी येणारी अव्यये वऱ्हाडातल्या काय, साऱ्या महाराष्ट्रातल्या माणसाच्या तोंडी शेकडो वर्षे आहेत. त्याला पत्ता नाही एवढेच. ‘दररोज’, ‘दरसाल’, ‘बेकायदा’, ‘हुकुमाबरहुकूम’. ‘बेकायदा’ म्हणजे कायद्यावाचून. ‘बे’ आधी, नाम मागून. इंग्रजीच्या ‘विदाऊट’सारखेच झाले की नाही?

‘बिलकूल’ हा शब्द तर उघडून पाहण्यासारखा आहे. अरबीत ‘बि’ म्हणजे ‘ने’ किंवा ‘सह’, ‘अल’ म्हणजे इंग्रजीचा ‘द’, आणि ‘कुल’ म्हणजे सगळे. बि-अल-कुल. प्रिपोझिशन, मग आर्टिकल, मग नाम. ‘ऑन द टेबल’ची जी ठेवण तीच हिची. उर्दूतला ‘फिलहाल’ही तसाच: फि, अल, हाल. म्हणजे ‘मला बिलकूल इंग्रजी येत नाही’ असे म्हणणारा माणूस त्याच वाक्यात एक शुद्ध प्रिपोझिशनल फ्रेज बोलून मोकळा होतो.

संस्कृतानेही हे केलेले आहे. प्रतिदिन, यथाशक्ती, आमरण, आजन्म. शाळेत आपण यांना अव्ययीभाव समास म्हणून पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. ‘आमरण’मधला ‘आ’ म्हणजे ‘पर्यंत’, आणि तो मरणाच्या आधी उभा आहे. पण मराठीचा स्वभाव असा की बाहेरून आलेल्यालाही ती आपल्या रांगेत उभे करते. फारसी ‘दरम्यान’ मुळात ‘दर’ आणि ‘मियान’, म्हणजे ‘मध्यात’. तिथे तो नामाच्या आधी येई. मराठीत आल्यावर तो मुकाट्याने मागे गेला: ‘अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान’. आणि ‘दरवर्षी’ या शब्दाला तर दोन्ही बाजूंनी धरलेले आहे. पुढून फारसी ‘दर’, मागून मराठी सप्तमीचा ‘ई’. असो. हा माझा आवडीचा विषय, यात रमलो तर वेळ पुरायचा नाही.

आता कंस करून करायचे काय? पहिला उपयोग रोकडा आहे. ‘द बास्केट ऑफ ऑरेंजेस इज हेवी.’ वरुड-मोर्शीकडची संत्र्यांची टोपली घ्या. मुले हमखास ‘आर हेवी’ लिहितात, कारण क्रियापदाच्या अगदी जवळ ‘ऑरेंजेस’ हे अनेकवचन दिसते. कंस करा: द बास्केट, कंसात ऑफ ऑरेंजेस, इज हेवी. कंसातले नाम प्रिपोझिशनच्या ताब्यात गेलेले आहे, ते कर्ता होऊ शकत नाही. बाहेर उरली टोपली. टोपली एक, म्हणून ‘इज’. ‘वन ऑफ द बॉईज’ तेही तसेच. ‘अ लॉट ऑफ’सारखे काही नग या नियमाला जुमानत नाहीत, त्यांची ओळख वेगळी करून घ्यावी.

हा नियम पाठ करायची मराठी मुलाला खरे तर गरज नाही, कारण तो त्याच्या कानात आधीच आहे. ‘संत्र्यांची टोपली जड आहेत’ असे कोणी म्हणते का? प्रत्यय लागलेले नाम मराठीत क्रियापदाला वाकवू शकत नाही. रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली. ‘ने’ लागलेला राम गप्प, क्रियापद ऐकते ते आंब्याचे आणि पोळीचे. आणि ‘रामाने रावणाला मारले’ म्हटले की दोघेही प्रत्ययात अडकले, म्हणून क्रियापद कोणाचेच ऐकत नाही, ‘मारले’ असे नपुंसकलिंगी राहते. नामाला प्रत्यय लागताना जे रूप बदलते, संत्री-संत्र्यां, घोडा-घोड्या, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. इंग्रजीत नामाचे सामान्यरूप आता उरलेले नाही, पण सर्वनामात त्याचा अवशेष आहे: ‘ही’चा ‘हिम’, ‘आय’चा ‘मी’, ‘दे’चा ‘देम’. म्हणून ‘विथ हिम’, ‘बिटवीन यू अँड मी’. चांगले शिकलेले लोकही ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणतात, तिथे कंस केला की दोष लगेच दिसतो.

फसवणुकीच्या जागा दोन. एक ‘टू’. ‘आय वेंट टू अकोला टू सेल कॉटन.’ यात पहिला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, कारण मागून गावाचे नाम आले. दुसऱ्याच्या मागून ‘सेल’ हे क्रियापद आले, म्हणून ती प्रिपोझिशनल फ्रेज नव्हे. इथे मराठीचा कान मदत करत नाही, उलट गोंधळात टाकतो. आपणही दोन्हीकडे ‘ला’च वापरतो. आमच्या वऱ्हाडीत ‘अकोल्याले कापूस विकाले गेलो’, दोन्हीकडे ‘ले’. तेव्हा मागचा शब्द नाम की क्रियापद, हे पाहावेच लागेल.

दुसरी जागा म्हणजे क्रियापदाला चिकटलेले शब्द. ‘ही टर्न्ड ऑफ द रेडिओ’ आणि ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’. दिसायला जुळी भावंडे. पण पहिल्यात त्याने रेडिओ बंद केला, दुसऱ्यात तो रस्ता सोडून वळला. पारख अशी: ‘ऑफ’ उचलून शेवटी ठेवून पाहा. ‘ही टर्न्ड द रेडिओ ऑफ’ चालते, म्हणून तिथे ‘ऑफ’ क्रियापदाचा. ‘ही टर्न्ड द रोड ऑफ’ चालत नाही, म्हणून तिथे ‘ऑफ द रोड’ ही खरी फ्रेज.

सगळ्यात महत्त्वाचे राहिले: फ्रेज ओळखली, पण ती कोणाची? इंग्रजीत ‘इन द बॅग’ दोन जागी तंतोतंत सारखे असते. ‘द बुक इन द बॅग इज माइन’ आणि ‘पुट द बुक इन द बॅग’. मराठीत करून पाहा. पहिले, ‘पिशवीतले पुस्तक माझे आहे’. दुसरे, ‘पुस्तक पिशवीत ठेव’. पहिल्यात मराठीने ‘ले’ जोडून सांगितले की ही फ्रेज पुस्तकाची, विशेषणाचे काम करणारी. दुसऱ्यात नुसते ‘पिशवीत’, म्हणजे फ्रेज ठेवण्याची, क्रियाविशेषणाचे काम करणारी. कोणते असा प्रश्न पडला तर नामाची. कुठे, केव्हा, कसे असा पडला तर क्रियापदाची. मुलाला एवढेच सांगावे: मराठीत आण, आणि चा, तला, वरचा, साठीचा असे काही लावावेसे वाटले तर ती नामाची.

इंग्रजी जिथे मोघम राहू शकते तिथे मराठीला बोलावेच लागते. ‘द वुमन हिट द थीफ विथ द स्टिक.’ काठी कोणाच्या हातात होती? इंग्रजी वाक्य सांगत नाही. मराठीत ‘बाईने चोराला काठीने मारले’ म्हणा किंवा ‘बाईने काठीवाल्या चोराला मारले’ म्हणा. दोन्ही एकदम म्हणता येत नाही. लिंकनने १८६३ मध्ये लोकशाहीचे वर्णन करताना ऑफ, बाय आणि फॉर ही तीन अव्यये एकाच नामामागे लावली. आपल्या नागरिकशास्त्रात ते ‘लोकांनी लोकांसाठी चालवलेले लोकांचे राज्य’ असे आले. यातले ‘चालवलेले’ मूळ इंग्रजीत नाही. ‘ने’ आणि ‘साठी’ ही राज्याला जोडायला मराठीला तो दुवा आणावा लागला.

हा दुवा पैशाच्या कागदात किती मोलाचा असतो ते पाहा. समजा कोणी लिहिले, ‘रिपोर्ट डॅमेज टू द क्रॉप विदिन थ्री डेज ऑफ हार्वेस्ट’. हे वाक्य माझे आहे, कोणत्या कागदावरचे नाही. ‘विदिन थ्री डेज’ कोणाचे? कळवण्याचे असेल तर कापणीपासून तीन दिवसांत कळवले पाहिजे, चौथ्या दिवशी दार बंद. नुकसानीचे असेल तर तीन दिवसांत झालेले नुकसान पुढे कधीही कळवता येईल. ‘झालेले’ हा शब्द घातला की दुसरा अर्थ, नाही घातला की बहुधा पहिला. तिसऱ्या दिवशी सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला आणि माणूस चौथ्या दिवशी कचेरीत पोहोचला, तर त्या एका फ्रेजवर त्याचा हंगाम टांगलेला असतो.

२०१६ च्या खरिपात सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत अशा दोन मुदती होत्या. कापून शेतात वाळत पसरवलेल्या पिकाचे अवकाळी पावसाने नुकसान झाले, तर कापणीपासून १४ दिवसांपर्यंत झालेले नुकसान धरले जाई. आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ते घटनेपासून ७२ तासांच्या आत कळवायचे होते. १४ दिवस नुकसानीला चिकटलेले, ७२ तास कळवण्याला. ‘अजून चौदा दिवस व्हायचे आहेत’ म्हणून जो स्वस्थ बसला, त्याने एकाची फ्रेज दुसऱ्याला लावली.

आता कागद-पेन्सिल घेऊन एक वाक्य करून पाहा. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्यावर हे साधे वाक्य: ‘वर्कर्स लेड अ स्ट्रिप ऑफ अस्फाल्ट ऑन द हायवे बिटवीन अमरावती अँड अकोला इन जून.’

कंस चार. ‘ऑफ अस्फाल्ट’ पट्ट्याचा: कोणता पट्टा, तर डांबराचा. ‘ऑन द हायवे’ टाकण्याचा: कुठे टाकला. ‘बिटवीन अमरावती अँड अकोला’ या एका कंसात दोन नामे आहेत, कारण ‘बिटवीन’ला एकाने भागत नाही, आणि हा कंस महामार्गाचा, म्हणून मराठीत ‘दरम्यानच्या’. ‘इन जून’ अकोल्याला खेटून उभा आहे, पण तो अकोल्याचा नाही, टाकण्याचा. मराठीत त्याला तिथून उचलून पार पुढे न्यावे लागते: कामगारांनी जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यानच्या महामार्गावर डांबराचा पट्टा टाकला.